हाक कुठून आली

दीक्षा पाच वर्षांची असताना तिला गालगुंड झाले. ताप उतरला, सूज गेली, आणि जाताना उजवा कान घेऊन गेली. घरच्यांच्या लक्षात यायलाही वेळ लागला. आई चंपा दारातून हाक मारायची आणि पोर भलतीकडेच वळायची. हडपसरच्या त्यांच्या आळीतल्या मुलांना तर खेळच सापडला. लपून "दीक्षा!" म्हणायचं आणि ती गोल फिरताना बघायचं. तीही हसायची. पण न बघता या सगळ्यांना माणसाची जागा कळते तरी कशी, हे तिच्या मनातून गेलं नाही.

वडील तात्याराव कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होते. "तू शिक, बाकी मी बघतो," एवढंच म्हणत. दीक्षा इंजिनियर झाली. हिंजवडीत तेव्हा शेतांमधून काचेच्या इमारती उठत होत्या. तिथल्याच एका कंपनीत ती लागली. श्रवणयंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिणारा एक गट आहे असं कळताच तिने तिथे बदली मागितली. गटाचा प्रमुख केदार, नारायण पेठेतला.

"तुम्हाला दोन्ही कानांनी ऐकू येतं ना?" त्याने विचारलं.

"नाही. डाव्यानेच."

"उत्तम. आम्हाला दोन्हींनी येतं, तरी काही कळत नाहीये."

दोन कानांवरून माणूस आवाजाची दिशा कशी ओळखतो, त्याचं गणित त्यांना संगणकात बसवायचं होतं. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. त्या फरकावरून दिशा काढायची. त्यासाठी एक रबरी डोकं होतं, दोन्ही कानांत मायक्रोफोन बसवलेलं. गाद्या लावलेल्या खोलीत प्रोग्रॅम दिशा अचूक सांगे. रिकाम्या कॅन्टीनमध्ये मात्र फरशी, काचा, छत, सगळीकडून प्रतिध्वनी येत आणि पडद्यावरचा दिशा दाखवणारा ठिपका वेड्यासारखा भिरभिरे. बाकीचे हसले. दीक्षाला त्या ठिपक्याची कीव आली.

तिने केदारला डोळे मिटायला लावून कॅन्टीनच्या मधोमध उभं केलं आणि टाळी वाजवली. त्याने लगेच बोट दाखवलं.

"कसं कळलं?"

"कळतं."

"अहो, पण कसं?"

"ते सांगता आलं असतं, तर ती गाद्यांची खोली कशाला घेतली असती?"

वाचता वाचता, मोजता मोजता तिला धागा सापडला. थेट येणारा आवाज आधी पोचतो, भिंतीवर आपटून येणारा मागून. मेंदू पहिल्यावर भरवसा ठेवतो, बाकीच्यांना किंमत देत नाही. तिने प्रोग्रॅमला तेच शिकवलं: शब्दाची सुरुवात धरायची, शेपूट सोडून द्यायची. यात तिचं वर्ष गेलं.

कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावण्याच्या दिवशी तिने आईला त्याच कॅन्टीनमध्ये आणलं. "मी बघणार नाही. वाटेल तिथं उभी राहा आणि हाक मार." स्वतः रबरी डोक्याशेजारी बसून पडद्याकडे बघत राहिली.

"दीक्षाऽ, ये की गं!"

आवाज हॉलभर झाला. तिच्या कानाला तो नुसताच आवाज होता. ठिपका मात्र उजवीकडे सरकून थांबला. ती उजवीकडे वळली. समोर आई.

"आगं, नीट माझ्याकडंच वळलीस की!" चंपाने तोंडाला पदर लावला.

दीक्षाने तिला पुन्हा पुन्हा जागा बदलायला लावली. हाका थांबूच नयेत असं तिला वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. "नस गेलेली आहे," ते म्हणाले. "यंत्र उजवीकडचा आवाज डाव्या कानात आणून देईल. दिशेला मात्र दोन कान लागतात." हे तिला तोंडपाठ होतं. तरी विचारून आली.

तिचा प्रोग्रॅम कंपनीच्या श्रवणयंत्रांत बसला. प्रेसच्या दणक्यांनी तात्यारावांचे दोन्ही कान मंद झाले होते. निवृत्तीनंतर त्यांना तीच यंत्रं मिळाली. ती लावून एका रविवारी ते वंदनेला विहारात गेले, दीक्षा शेजारी बसली. सिमेंटच्या त्या हॉलमध्ये आवाज नेहमीच घुमायचे. मागच्या कोपऱ्यातून म्हाताऱ्या सोजरबाईंनी सूर धरला, आणि तात्यारावांची मान आपोआप तिकडे वळली.

बाहेर आल्यावर दीक्षाने विचारलं, "तात्या, कसं वाटतं हो ते?"

"सोजरबाई त्या तिथं, मी हितं. मधी जागा हाय. तेवढं कळतं."

"म्हणजे कसं? सांगा ना नीट."

तात्याराव पायरीवर बसले. दीक्षा त्यांच्या डाव्या बाजूला बसली, पण तिचा ऐकू येणारा डावा कान त्यांच्याकडे होत नव्हता, म्हणून ती उठून उजवीकडे आली आणि ते पुन्हा सांगू लागले.