इब्राहिमभाईंनी धरलेला शिंगाळा

इब्राहिमभाई गादीवाल्यांनी धरलेला मासा पाण्यातून बाहेर येतो तेव्हा दोन किलोचा असतो. नाशिक रोडला पोचेपर्यंत तो चार किलोचा होतो आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर सहाच्या खाली येत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्या गाद्यांच्या दुकानाला लागूनच माझं सलून आहे, मध्ये एक पातळ भिंत. त्या भिंतीतून माझ्या गिऱ्हाइकांनी इब्राहिमभाईंचे इतके मासे ऐकलेत की दाढी करताना मला वस्तरा जपून धरावा लागतो. ऐन गळ्याशी असताना माणूस हसतो.

माणूस उंचापुरा, दाढीत कापसाचा एखादा तंतू कायम अडकलेला. फोमच्या गाद्या आल्या, ऑनलाइन आल्या, तरी हा बाबा अजून कापूस पिंजून, दाभणाने टाके घालून गादी शिवतो आणि वर गिऱ्हाइकाला सुनावतो, "फोमवर झोपायचंय तर पुलाखाली थर्माकोल पडलाय, फुकट आहे." तोंडाचा फटकळ. पण त्यांची बायको हुस्नबानो गेली तेव्हा मुलगी मेहविश जेमतेम रांगत होती. एकट्या बापाला कसं जमणार म्हणून मालेगावच्या नातेवाइकांनी पोरीला मागितलं. इब्राहिमभाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. पोर दुकानातल्या कापसाच्या ढिगावर वाढली. वेणी कशी घालतात ते शिकायला हा माणूस माझ्याकडे आला होता. मी पुरुषांचे केस कापणारा, मला कुठली वेणी येते? दोघांनी मिळून त्या पोरीच्या डोक्याचं जे काय केलं ते तिने निमूट सहन केलं. आता ती संगमनेरला फार्मसी शिकते आणि वेणी स्वतः घालते.

सोमवारी सलून बंद असतं, म्हणून आमचा गळ टाकायचा वार सोमवार. मी, इब्राहिमभाई, गाड्या दुरुस्त करणारा ओवेस आणि नळाचं सामान विकणारा रविराज. माझ्या घरी सोमवारी मासा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, त्यामुळे मिळेल ते दारणा नदीच्या काठावरच शिजायचं. आणि आमचा एक नियम होता. उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा शिंगाळा जो धरेल, माशाचं डोकं त्याच्या ताटात. या डोक्यासाठी चार संसारी माणसं लहान मुलांसारखी भांडायची.

शिंगाळा म्हणजे नदीतला मिशांवाला मासा. अंगावर खवलं नाहीत, तोंड लांबट, पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा. पूर्वी दारणेत हातभर लांबीचे सहज मिळायचे. आता वीतभर मिळाला तरी रविराज ग्रुपवर फोटो टाकतो. मोठे का राहिले नाहीत, यावर आम्ही तोंडात घास असताना बोलायचो. घास गिळला की विषय संपायचा.

तरी एक मोठा होता. इब्राहिमभाईंनी तो शोधून काढला होता. नाशिक रोडपासून खाली दारणेला एक डोह आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही, आणि का नाही ते पुढे कळेल. उन्हाळ्यात नदी आटून डबकी होतात, पण त्या डोहाचं पाणी टिकतं. डोहाच्या उथळ अंगाला एक काळा खडक आहे आणि त्या खडकाच्या पुढ्यात, नेहमी त्याच जागी, तो शिंगाळा असायचा. इब्राहिमभाईंनी त्याला मुकादम असं नाव ठेवलं होतं, कारण तो स्वतः काही करायचा नाही आणि दुसऱ्या माशाला तिथे थांबू द्यायचा नाही.

आता मुकादमाचा स्वभाव ऐका. गळाला कोळंबी लावून सोडली की तो यायचा, कोळंबी तोंडात धरायचा, दोन हात बाजूला नेऊन ठेवून द्यायचा आणि परत जागेवर. गिळायचा नाही. कोंबडीचं काळीज लावलं, तेही उचलून बाजूला. लागोपाठ सोमवार हाच खेळ. इब्राहिमभाई खूश. "किशोर, हा हुशार आहे. माझी गंमत करतोय. बरोबरीचा भेटला." मलाही तसंच वाटलं. उपाशी मासा समोरचं अन्न सोडणार नाही, म्हणजे हा पोट भरलेला आणि वर डोकेबाज.

तिथल्या अक्काबाईने आम्हाला हटकलंही होतं. ती भोयाची, जाळं टाकून मासे धरते आणि सिन्नर फाट्याला बसून विकते. पण होळी झाली की पाऊस पडून नदी वाहती होईपर्यंत तीही त्या डोहात जाळं टाकत नाही. "या दिसांत तिथं गळ सोडू नगा, आसरा हायेत," असं ती म्हणाली होती. पाण्यातल्या देवींची भीती घालून म्हातारी आपला मासा राखतेय, एवढाच अर्थ आम्ही काढला. इब्राहिमभाई मला म्हणाले, "मासा विकणारी बाई सांगते मासे धरू नका. मी कधी सांगतो का, गादी घेऊ नका?"

एप्रिलमधल्या त्या सोमवारी आम्ही दोघेच सकाळी लवकर गेलो. ओवेस आणि रविराज दुपारी मसाला, तेल, कांदे घेऊन येणार होते, कारण आज मुकादम येणारच असं इब्राहिमभाईंनी जाहीर करून टाकलं होतं. त्यांनी युक्ती काढली होती. एका गळाला कोळंबी आणि तिच्या मागे बोटभर अंतरावर दुसरा, रिकामा गळ. मासा कोळंबी उचलायला तोंड लावेल आणि मागचा गळ त्याच्या ओठात बसेल.

तसंच झालं. दोरी ताणली गेली, रीळ ओरडायला लागलं आणि इब्राहिमभाई गुडघाभर पाण्यात ओढले गेले. खूप वेळ चालली ती झटापट. शेवटी मासा काठाला आला तेव्हा मी खरंच मागे सरकलो. शेपूट जमिनीला टेकवून उभा धरला असता तर त्याचं तोंड माझ्या बरगड्यांना लागलं असतं. एकदाच सांगतो, हे माप टपरीवरचं नाही.

मंडळी येईपर्यंत मासा ताजा राहावा म्हणून मोठा मासा जिवंतच पाण्यात बांधून ठेवतात. बहुतेक जण कल्ल्यातून दोरी ओवतात. इब्राहिमभाईंना ते गावंढळ वाटतं. त्यांनी दाभण काढलं, खालच्या ओठाच्या कातड्यातून गादीची सुती दोरी दुहेरी ओवली आणि काठावरच्या बाभळीच्या मुळाला बांधली. मी फोटो काढले. इब्राहिमभाईंच्या तोंडावरचा आनंद बघून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

झटापटीत त्यांचा दुसरा गळ तुटून खडकापुढे अडकला होता. तो सोडवायला ते पाण्यात उतरले, छातीभर पाण्यात गेले आणि थबकले. पाय एका खड्ड्यात गेला होता. "किशोर, खडकावर चढ आणि बघ बरं खाली काय आहे." ऊन वर आलं होतं, पाणी नितळ होतं. मी वाकून पाहिलं. तळाला एक गोल, स्वच्छ केलेला खड्डा, मोठ्या परातीएवढा. आजूबाजूला सगळा गाळ आणि शेवाळ, आत मात्र काडीसुद्धा नाही. आणि त्या खड्ड्यात मोहरी सांडावी तसे काळे ठिपके, हलणारे. त्यांच्यावर चारी बाजूंनी बारके मासे तुटून पडले होते.

मला तरीही काही कळलं नव्हतं. कळलं ते अक्काबाईची हाक ऐकून. ती काठाने येत होती आणि बाभळीजवळ बांधलेला मासा बघून जागीच बसली होती.

"गादीवाले, हे काय केलं? लेकुरवाळा धरला की तुमी."

"लेकुरवाळा म्हणजे? मादी आहे का ही?" इब्राहिमभाईंनी पाण्यातूनच विचारलं.

"नर हाय. शिंगाळ्याची मादी अंडी टाकून निघून जाती. बाप बसतो. खड्डा करतो, झाडतो, काय पडलं की उचलून भाईर टाकतो. पोरं पोहायला लागंस्तवर खात नाय काय. पोट बघा त्याचं, पाठीला लागलंय."

मी पाहिलं. एवढा थोरला मासा, पण पोट खरंच आत गेलेलं होतं. म्हणजे तो आमची गंमत करत नव्हता. आम्ही सोमवारच्या सोमवार त्याच्या पोरांच्या अंगावर कोळंब्या टाकत होतो आणि तो बिचारा त्या उचलून बाहेर ठेवत होता.

"मग आधी का नाही सांगितलं?" मी चिडून म्हणालो. माझी चीड ही अशीच, नको त्या वेळी येते.

"आसरा सांगितल्या तर माणूस जरा घाबरतो. माशाची पोरं सांगितली तर तुमी हसला असता," अक्काबाई म्हणाली. "तुमी तर आसरांलाबी हसला."

इब्राहिमभाई धडपडत काठाला आले, दोरी कापली, ओठातून हलकेच ओढून काढली. मासा कुशीवर कलला. पोट वर येऊ लागलं.

"नाय जगायचा. बांधलेला मासा जगत नाय," अक्काबाई म्हणाली.

"जगेल. कल्ल्याला हात लावलेला नाही मी." एवढं बोलून त्यांनी अंगातला सदरा काढून भिजवला, त्यात मासा धरला आणि पाण्यात उतरले. वाहतं पाणी असतं तर धरून उभं राहिलं तरी चाललं असतं. इथे पाणी साचलेलं, म्हणून हेच चालायला लागले. पोराला सायकल शिकवताना मागून धरून चालतात तसे, माशाचं तोंड पुढे करून, इकडून तिकडे, तिकडून इकडे. माशाचा काटा सदऱ्यातून त्यांच्या तळहातात घुसला होता. रक्त पाण्यात दिसत होतं. "मी धरतो," मी म्हणालो, तर माझ्यावर खेकसले. मग खालच्या आवाजात माशाशीच बोलायला लागले, "चल बाबा, चल. पोरं एकटी आहेत."

मेहविश तापाने फणफणली होती तेव्हा हा माणूस दुकानात असाच येरझाऱ्या घालत होता.

किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. एकदाचे माशाचे कल्ले उघडझाप करायला लागले. मग शेपूट हललं. मग त्याने असा हिसडा दिला की सदराच नेला असता. पण गेला कुठे, तर सरळ डोहाच्या खोल भागात. खड्ड्याकडे त्याने बघितलंही नाही.

तिकडे बारक्या माशांचं जेवण चालूच होतं. इब्राहिमभाई धावत, म्हणजे छातीभर पाण्यात जेवढं धावता येतं तेवढं धावत खड्ड्यापाशी गेले, बाभळीची फांदी घेऊन पाणी झोडायला लागले. बारके मासे पळाले. फांदी थांबली की परत येत. हे परत झोडत. गादीवाला माणूस माशाच्या पोरांची राखण करतोय, हे दृश्य एरवी मी वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं असतं. तेव्हा हसू आलं नाही.

"भाऊ, भाईर या," अक्काबाई म्हणाली.

"मी बाहेर आलो तर खातील ना हे सगळी."

"तुमी तिथं हाय तवर बाप कसा येईल? त्याला तुमचीच भीती."

ते तसेच उभे राहिले. फांदी हातात, डोळे खड्ड्यावर. मग फांदी सोडली आणि काठाला आले. त्यांना एवढ्या जड पावलांनी चालताना मी फक्त एकदाच पाहिलं होतं, हुस्नबानोच्या दफनानंतर कब्रस्तानातून परतताना.

आम्ही तिघं खडकामागे पोटावर पडून पाणी बघत राहिलो. बारके मासे पुन्हा जमले. इब्राहिमभाईंनी तोंड फिरवलं. मी बघत होतो, कुणीतरी बघायला हवं होतं. ठिपके कमी झाले होते, पण होते. मला वाटलं, संपलं आता.

आणि एकाएकी ते बारके मासे उधळले. दोन-चार तर पाण्याबाहेर उडाले. खोल पाण्यातून एक लांब काळी सावली आली, खड्ड्याभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली आणि मधोमध बसली. ते ठिपके हळूहळू तिच्या पोटाखाली गेले.

"बसला," अक्काबाई म्हणाली. "बसला बापडा." आणि पदराने तोंड पुसून हसायला लागली.

इब्राहिमभाईंनी कपाळ खडकाला टेकवलं आणि हमसून रडले. मीही रडलो. छातीवरचा दगड उतरावा तसं हलकं वाटत होतं.

त्यानंतर आमचे नियम बदलले. होळी ते पोळा त्या डोहाकडे जायचं नाही. कुठेही मोठा शिंगाळा लागला तर ओल्या पोत्यावर ठेवून गादीच्या टेपने मोजायचा आणि परत पाण्यात सोडायचा. रविराज अजून कुरकुरतो. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी ओवेस आणि रविराज मसाला घेऊन आले. इब्राहिमभाई उघडेबंब, हाताला रुमाल बांधलेला, डोळे लाल.

"काय हो, कुठाय मुकादम?" ओवेसने विचारलं.

आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा त्यांनी धरला होता. माझ्या मोबाइलमध्ये फोटो होते. एक शब्द बोलले असते तर पुढच्या रविवारी त्या डोहावर अर्धं नाशिक गळ घेऊन बसलं असतं.

"मुकादम वगैरे काही नाही," इब्राहिमभाई म्हणाले. "कासव होतं. खडकावर पडलो, हात कापला."

दोघं पोट धरून हसले. गादीवाल्याचं कासव, हा विनोद त्यांना पुढे कितीतरी महिने पुरला. इब्राहिमभाईही त्यांच्याबरोबर हसले, अगदी मोकळे. मी मान खाली घालून फोटो पुसून टाकले.

"मग इथेच टाकू ना गळ, आलोच आहोत तर," रविराज म्हणाला.

"इथे काही नाही रे, मी सकाळपासून बघतोय. वरच्या बंधाऱ्याला चला." आणि इब्राहिमभाई कांद्याची पिशवी उचलून पुढे निघाले.

बंधाऱ्याला काहीच मिळालं नाही. आम्ही कांदे भाजून भाकरीबरोबर खाल्ले. परत निघताना ते दोघं पुढे गेले तेव्हा इब्राहिमभाईंनी रुमाल बांधलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "जगतील रे पोरं. बाप आहे."