चौकशीअंती चांगला माणूस

आमच्या साडभाऊंसारखा चांगला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही, असं माझी बायको म्हणायची तेव्हा मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत असे. पण पुढे तेच पोलीस खात्यानं म्हटलं, तहसील कचेरीनं म्हटलं, वनखात्यानं म्हटलं आणि शेवटी कलेक्टरसाहेबांच्या सहीशिक्क्यानिशी ते सिद्ध झालं, तेव्हा माझा नाइलाज झाला. माझ्या चांगुलपणाला असा एकही सरकारी आधार नाही. मी ढाणकीच्या बसस्थानकावर कंट्रोलर होतो. उभी नोकरी लोकांना ज्याच्या त्याच्या गाडीत बसवण्यात गेली, पण ‘हा कंट्रोलर माणूस म्हणून कसा आहे हो?’ असं कुणी कधी कुणाला विचारलं नाही. साडभाऊंबद्दल मात्र सरकारनं गावभर फिरून विचारलं. आता यावर माणसानं जळू नये तर काय करावं?

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या, त्याही भिंतीला भिंत लागून, त्यामुळे माझ्या जळण्याला कधी सुट्टी मिळाली नाही. सासरी पहिलं ताट त्यांना. पुरणपोळीवर तूप त्यांना ते ‘थांबा’ म्हणेपर्यंत, मला मी ‘बस’ म्हणेपर्यंतही नाही. माझ्या घरातला पाणी तापवायचा बंब गळायला लागला की बायको भिंतीवरून ‘भाऊजी’ अशी हाक मारणार, आणि हे गृहस्थ हातातलं काम टाकून, स्वतःच्याच बोलण्यावर आधीच हसत, हजर होणार. बंब काही त्यांना दुरुस्त करता येत नसे. उलट तो जास्त गळायला लागे. तरी बायको म्हणायची, ‘आले तर खरं!’

त्यांचं खरं बोलणं हा तर एक उपद्रवच होता. इतर माणसं विचारल्यावर खरं बोलतात, हे न विचारता बोलत. दुकानदारानं चुकून जास्त वजन टाकलं तर परत करायला जात, इथवर ठीक आहे. पण तिथं उभं राहून ‘मागच्या टायमालेबी जास्त आलतं, थे म्या खाऊन टाकलं,’ असं चार गिऱ्हाइकांसमोर सांगत. शेतात रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं शिरायची. जंगल लागूनच, म्हणून गावात सगळ्यांच्याच शेतात शिरायची. बाकीचे लोक डबे बडवत, शिव्या देत. साडभाऊ राखणीच्या माळ्यावर उभे राहून, ‘निघा जी आता, झालं तुमचं जेवन,’ असं डुकरांना अहोजाहो करत. डुकरं अर्थातच त्यांच्याकडेच जास्त येत.

अशा माणसानं एके दिवशी पारावर जाहीर केलं, की आपण पीकसंरक्षणासाठी बारा बोरच्या बंदुकीचा परवाना काढणार. गाव हसलं. मी सगळ्यांत जास्त हसलो. पण अर्ज खरंच कलेक्टर कचेरीत गेला, तिथून एस.पी. साहेबांकडे, तिथून ठाण्यात, आणि ठाण्यातून एक दिवस बीटचे जमादार मोटारसायकलवर आमच्या गल्लीत आले. ती कापसाच्या पडत्या भावाची वर्षं. विकावा तर परवडत नाही म्हणून कापूस घराघरांत भरून ठेवलेला, आणि माणसं उरलेल्या जागेत अंग खाजवत राहायची. जमादारांना बसायला साडभाऊंकडे कापसाच्या ढिगाशिवाय जागा नव्हती. ते बसले आणि छातीपर्यंत आत गेले. तसंच टोपी सावरून त्यांनी विचारलं, ‘बंदूक अन् काडतुसं ठेवणार कुठं? इथं तर ठिणगी पडली का गाव पेटते.’

‘कापूस विकला का जागाच जागा हाय जी,’ साडभाऊ म्हणाले.

‘कधी विकता?’

‘थे सरकारले विचारून सांगा न मले.’

मग गुन्ह्यांची बाब निघाली. ठाण्यात यांच्या नावावर काही नाही, असं जमादार स्वतःच म्हणाले. इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. साडभाऊ म्हणाले, ‘हाय न! लिवा. पोळ्याले मानाच्या बैलाआंधी म्या माहा बैल तोरनाखालून काहाडला, अन् दोघाले ढकललं.’

‘याची तक्रार झालती काय?’

‘नाही जी. म्हनून तर मी करून राह्यलो.’

जमादारांनी बिचाऱ्यांनी लिहिलं. ते वर गेलं, वरून खुलाशासाठी खाली आलं, आणि चौकशी पुन्हा सुरू झाली. दर वेळी साडभाऊंना आणखी एखादा गुन्हा आठवे, आणि दर वेळी जमादारांना नव्यानं शेजारीपाजारी जाऊन विचारावं लागे. तहसीलचा माणूस येऊन शेती खरंच आहे ना बघून गेला, वनरक्षक येऊन डुकरांचे ठसे बघून गेला. साडभाऊ सरकारी दवाखान्यात डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला घ्यायला गेले, तर डॉक्टरांनी राग येतो का विचारलं. ‘येते न, पन तवापर्यंत थो मानूस घरी निंगून जाते,’ असं उत्तर देऊन आले. इकडे गावात त्यांच्या चांगुलपणाची सभाच भरलेली. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ज्याच्याशी कैक वर्षं बोलणं बंद, तो शेजारचा शेतकरीसुद्धा आपण होऊन आला आणि म्हणाला, ‘आमचं बोलनं नाही. पन मानूस चांगला हाय, लिवा.’

जमादार चक्रावले. ‘मग बोलत काहून नाही?’

‘चांगला हाय म्हनून का बोलाच लागते काय?’

मी भिंतीआडून हे सगळं ऐकत होतो आणि मला जेवण गोड लागत नव्हतं. आणि मग एक दिवस जमादार बसस्थानकावर माझ्याच खिडकीशी आले. शेजारी, त्यात नातलग. माझा जबाब राहिला होता. वर जायला एवढाच कागद अडलाय, म्हणाले. म्हणजे साडभाऊंचा परवाना माझ्या जिभेवर येऊन थांबला होता. सांगतो, क्षणभर बरं वाटलं. जमादारांनी विचारलं, ‘या माणसाच्या हाती बंदूक दिली तर कोणाले धोका?’

‘मलाच आहे,’ मी म्हणालो. ‘माझी घरातली किंमत रोज उतरते त्याच्यामुळं.’

जमादार हसले, पण लगेच आवाज खाली आणून म्हणाले, ‘तसं नाही कंट्रोलरसाहेब. त्याच्या स्वतःच्या जिवाले? आजकाल हे पाहाच लागते.’

मी हसून ‘छे’ म्हणणार होतो. साडभाऊ हसरे होते हे खरं. पण आदल्या वर्षी आमच्या गल्लीच्या टोकाचा एकजण असाच हसत माझ्यासमोर गाडीत चढला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारापुढे पंचनाम्याची जीप उभी होती. मला एकदम भीती वाटली. या माणसावर मी इतकी वर्षं जळलो, पण तो नसला तर, असा विचार मी कधी केला नव्हता. मी म्हणालो, ‘धोका नाही. आणि असलाच तर भिंतीपलीकडे मी आहे. माझं नाव लिहा.’

परवाना आला. साडभाऊंनी पेढे वाटले, परवान्याचं पुस्तक देवळीत गणपतीजवळ ठेवलं, आणि बंदूक काही आणली नाही. हंगाम गेला, डुकरं येऊन जेवून गेली. कापूस पडेल त्या भावात गेला, घरात भिंती दिसायला लागल्या, तरी बंदूक नाही. शेवटी पोळ्याच्या दिवशी त्यांच्या अंगणात बैलांना रंग देताना मी विचारलंच.

‘बंदूक कोनाले पाह्यजे होती साडभाऊ?’ ते बैलाच्या शिंगावरून हात न काढता म्हणाले. या खेपेला आधी हसले नाहीत. ‘थो आपला टोकावरचा गेला, तवा जीप आली. मानूस कसा होता म्हनून साऱ्या गावाले विचारलं. सारे म्हने, लय चांगला. थ्यालेच कोनी सांगतलं नव्हतं. म्या म्हनलं, आपलं आपुन जित्तेपनी आयकून घ्यावं. अन् बंदुकीच्या अर्जाबिगर सरकार जित्त्या मानसाची चौकशी करतच नाही.’ मग म्हणाले, ‘तुमी काय लिवलं थे जमादारानं मले वाचून दाखवलं.’

मला गहिवरून आलं, आणि तितकाच हेवाही वाटला. हा माणूस जिवंतपणी सगळं ऐकून बसला होता. मी हळूच म्हणालो, ‘तो अर्ज कुठं मिळतो हो?’

‘अर्ज कायले?’ साडभाऊंनी रंगाचा रिकामा डबा उलटा घातला, त्यावर जमादारासारखे ताठ बसले, आणि भिंतीकडे तोंड करून माझ्या बायकोला हाक मारली. ‘बाई, तुमच्या घरच्या मानसाची चौकशी हाय. खरं सांगा. मानूस कसा हाय?’

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. आता ही भाऊजींचं कौतुक सुरू करणार, असं मी धरूनच चाललो होतो.

‘हे लय जळतेत भाऊजी,’ बायको म्हणाली. साडभाऊ मोठ्यानं हसले. मीही हसल्यासारखं केलं. मग ती जरा कमी आवाजात म्हणाली, ‘पन रोज संध्याकाळी घरी येतेत. अजून काय पाह्यजे?’