पिंपातला हिरवा गाळ

माझा धाकटा भाऊ बोटीवर इंजिनिअर होता. एका सुट्टीत तो विलायतेहून प्लास्टिकचं पिंप घेऊन आला. त्यात घरी बिअर करायची आणि तळाजवळच्या तोटीतून काढायची. सोबत माल्टचे डबे, यीस्टच्या पुड्या आणि हॉप्स नावाची वाळकी हिरवी फुलं. कडवटपणा आणि वास त्या फुलांचा.

हे कायद्यात बसत नव्हतं. मी रेडिओचं लायसन्ससुद्धा कधी थकू दिलं नव्हतं. पण भाऊ वर्षातून एकदा यायचा, आणि संध्याकाळी त्याने माझ्याशेजारी पडवीत बसावं एवढंच मला हवं होतं.

पहिल्या खेपेला फजिती झाली. वासासाठी मूठभर फुलं पिंपातच टाकायची असा त्याचा आग्रह. ती विरघळल्यासारखी सुटली आणि तोटी तुंबली. फुंकर मारून मोकळी केली तर ग्लासात हिरवा रेंदा उतरला. भावाने मित्रांसमोर ग्लास दिव्याकडे धरला.

"दादा, विहीर उपसलीस काय रे?"

सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तो सासुरवाडीला मुंबईला गेला आणि उरलेली सुट्टी तिकडेच काढली. जाताना सामान मात्र ठेवून गेला.

पुढच्या सुट्टीआधी मी ते पिंप पुन्हा काढलं. धोतराचा तुकडा उकळून त्याची पिशवी शिवली. फुलं तरंगू नयेत म्हणून आत स्टीलचा चमचा घातला. तरी बारीक भुगा सुटायचाच. मग तोटीच्या बाजूखाली जेवायचा पाट सरकवला, म्हणजे गाळ मागे बसेल. पाट दीड इंच जाड होता. तेवढा उतार पुरला. शेवटी बंदरावरून बर्फ आणला आणि नहाणीत पिंपाभोवती भुशात रचला, कारण गारव्याने भुगा लवकर खाली बसतो.

बायको म्हणाली, "अहो, पापलेट कुठायत? की आज नुसता बर्फच खायचाय?"

पण चौथ्या दिवशी तिनेच ग्लास खिडकीशी धरला. पलीकडचे गज सरळ दिसत होते. मी दोन घोट घेऊन पाहिले. मला ती चव कधीच आवडली नाही.

भाऊ आला तो भाड्याच्या गाडीतून, बायकोला घेऊन. आठ दिवस राहणार असं कळवलं होतं. जेवण झाल्यावर म्हणाला, "दादा, या वेळी सुट्टी मुंबईतच. फ्लॅटचा ताबा मिळालाय. शनिवारी पार्टी आहे."

"बस जरा. ग्लास आणतो."

"आत्ता? ड्रायव्हर थांबलाय रे. पिंपच नेतो. तू कुठे पितोस!"

"हलवू नकोस. सगळा गाळ वर येईल."

"बसेल की परत."

त्याने आणि ड्रायव्हरने पिंप उचललं आणि डिकीत आडवं टाकलं. भावजय म्हणाली, "भाऊजी, एखादं जुनं पोतं द्या ना. खाली सांडलं तर गाडीवाला बोलेल." मी पोतं आणून दिलं. मुंबईच्या रस्त्याला वळणं निवळी गावापासून सुरू होतात, ती पार घाट उतरेपर्यंत. हे त्यालाही ठाऊक होतं.

रविवारी शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल आला.

"दादा, परत तेच! तोटीतून नुसता पाला. लोक हसले. तुला जमत नाही रे ते, सोडून दे."

"बरं," मी म्हणालो.

कमीत कमी तीन मिनिटांचे पैसे पडायचे. आमचं बोलणं एका मिनिटात संपलं. शेजाऱ्यांनी विचारलं, "सगळं क्षेम ना?" हो म्हणून मी घरी आलो.

"सांगितलंत का त्यांना, किती निवळ झाली होती ती?" बायकोने विचारलं.

"नाही."

तिने नहाणीतून पाट आणला, पुसला आणि माझ्यापुढे मांडला. "बसा," म्हणाली, "वाढते."