बाराचा आकडा

माझ्या प्रबंधातलं एक कोष्टक आईने वहीत लिहिलेल्या आकड्यांवरून छापलंय. आई चौथीपर्यंत शिकलेली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी नव्या प्रकारच्या सौर घटावर काम करत होते. दोन काचा, मध्ये रंग आणि थोडं द्रावण, बस्स. दिव्याखाली तो छान वीज द्यायचा. खऱ्या उन्हात किती दिवस टिकतो ते बघायचं होतं, आणि माझी पदवी त्यावरच अडली होती. म्हणून एक घट गावी, पिंपळवंडीला नेला, घराच्या स्लॅबवर बसवला आणि आईला मीटर दाखवला. रोज बाराला दोन तारा लावायच्या, दिसेल तो आकडा वहीत उतरवायचा.

महिना झाला तरी आकडा हलेना. आई फोनवर वाचून दाखवायची आणि मी हवेत असायचे. मार्गदर्शक सरांनी पेढे मागितले, मीही वाटून टाकले.

मग एका शनिवारी न कळवता घरी गेले. दुपारचा एक वाजला होता. स्लॅबवर माझा घट आईच्या जुन्या साडीखाली गुडूप झाकलेला. टोमॅटोच्या रोपांवर उन्हाची टाकतात तशी साडी, चारी कोपऱ्यांवर दगड.

“हे काय केलंस?”

“लई तापत व्हतं गं ते. बाराला मोजते न् लगेच झाकते. दुसऱ्या दिशी बाराला काढते.”

मी तापट. नको नको ते बोलले. तुला काही कळत नाही, असंही बोलले. तिने कोपऱ्यांवरचे दगड उचलले, साडीची घडी घातली. मग हळूच म्हणाली, “जपायचं न्हाई, ह्ये तू सांगितलंच न्हाईस.”

खरंच होतं. हा घट उन्हात मरतो का ते बघायचंय, हे तिला सांगायचं मला सुचलंच नव्हतं. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

सरांना खरं ते सांगितलं. नवा घट बसवला, आईला सगळं समजावलं. आता ती फोनवर आकडे सांगेना. “वहीतच बघ,” म्हणायची. मे महिना होता. तीन आठवड्यांनी गेले तेव्हा काचेतला रंग उडाला होता, कडेने द्रावण पाझरलं होतं. वही उघडली. आकडा रोज थोडा थोडा उतरत शेवटी शून्यावर आलेला. आणि प्रत्येक आकड्यापुढे, मी न सांगता, तिने जाड अक्षरात लिहिलं होतं, “झाकलं न्हाई.”