काकांचा अर्धा मिलिमीटर

माझं प्रिंटिंगचं दुकान. लोक येतात, कागद घेतात, चालते होतात. हे काका मात्र कागद हातात पडला की खिशातून स्टीलची फूटपट्टी काढायचे.

"कमी आलं," म्हणायचे.

"किती?"

"अर्धा मिलिमीटर."

आता बोला! "काका, प्रिंटर आहे हा, सोनाराचा काटा नाही," मी एकदा तडकलेच.

"अगं पोरी, चूक साठत जाते. पहिल्या बटणाला कळत नाही, शेवटचं बटण मुकं राहतं."

मग हळूहळू सगळं कळलं. लेकीचा लहानपणीचा, बॅटरीवरचा पियानो. त्याच्या आतला लांबलचक सर्किट बोर्ड गंजलेला. तसा आता मिळत नाही, म्हणून जुन्यावरून मोजून काकांनी कॉम्प्युटरवर नवा आखला होता. माझी प्रिंट तांब्याच्या पत्र्यावर पालथी ठेवून इस्त्री फिरवायची. काळ्या रेघा तिथे चिकटतात, बाकीचं तांबं औषधात विरघळतं. लेक परदेशातून येणार होती, बऱ्याच वर्षांनी. सोबत नात, जी काकांनी फक्त फोनवर पाहिलेली. "ती वाजवेल," एवढंच ते म्हणायचे. काकू गेल्यापासून त्यांच्या घरात भांड्याला भांडं लागायलाही दुसरं कोणी नव्हतं.

मग मीही इरेला पेटले. कॉम्प्युटरवरची 'पानात बसवा'ची (फिट टू पेज) खूण काढून टाकली, आकार शंभर टक्के केला. तरी कमी! हा मेला प्रिंटर कागद ओढताना लांबी खायचा, रुंदी नाही. मग फक्त लांबी किंचित वाढवली. प्रिंट काढ, मोज. परत काढ, परत मोज. गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबलं.

शेवटी काकांनी जुना बोर्ड कागदावर ठेवला. पहिल्या बटणाचा ठिपका बसला. मधले बसले. अगदी टोकाचाही बसला! मी टाळीच वाजवली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लेक होती. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज मोठा आणि माझं दुकान केवढंसं.

"बाबा, या वर्षी नाही जमत हो."

"बरं. तुझा पियानो होतोय बघ नीट."

"तो अजून आहे? देऊन टाका ना कुणाला तरी. हिला कुठे वेळ असतो!"

"हो, हो. टाकतो देऊन."

मी उगाच कागदांचा गठ्ठा सारखा करत बसले.

काकांनी फोन खिशात ठेवला आणि फूटपट्टी परत कागदावर लावली. चष्मा वर केला, खाली केला.

"कमी आहे गं, पोरी," म्हणाले. "उद्या येतो. परत काढू."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. माप तंतोतंत होतं.

"हो काका," मी म्हटलं, "कमीच आहे. या उद्या."