फळ्यावर चुकीचं लिहिलेलं this

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जालन्यात एका कॉम्प्युटर क्लासात मी जावास्क्रिप्ट ही वेबपेजला कामाला लावणारी भाषा शिकवायचो. स्वतःच पुस्तकं वाचून शिकलेलो, आणि त्याचा तोराही होता. मेथड, म्हणजे ठरावीक काम करणारं फंक्शन, आणि तिच्यातला this, म्हणजे 'हा', हे शब्द आले तेव्हा फळ्यावर ठणकावून लिहिलं: मेथड ज्याच्यात लिहिलीय, ते म्हणजे this. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

केदारखेडा गावच्या एक शिक्षिका दर रविवारी एसटीनं क्लासला यायच्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. आपल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचं एक वेबपेज त्या करत होत्या. विद्यार्थ्याचं नाव सांगणारी मेथड प्रोटोटाइपवर, म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांच्या सामायिक नमुन्यावर, ठेवलेली.

"सर, बटन दाबलं की नावाच्या जागी undefined येऊन राह्यलं."

"टायपिंग चुकलं असेल, मॅडम."

"तीनदा बघितलं. बराबर हाये."

"मग चौथ्यांदा बघा."

पोरं हसली. बाई मान खाली घालून बसल्या.

क्लास सुटल्यावर मी त्यांची फाइल उघडली. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. विद्यार्थ्यापुढे टिंब देऊन मेथड बोलावली की त्याचं नाव बिनचूक यायचं. पडताळायला तशीच एक मेथड मी थेट 'विद्यार्थी' या कन्स्ट्रक्टरवर, म्हणजे नवे विद्यार्थी घडवणाऱ्या फंक्शनवरच, स्टॅटिक म्हणून ठेवून बोलावली. तिच्यात this म्हणजे तो कन्स्ट्रक्टरच निघाला, कुणी एक विद्यार्थी नव्हे. आणि बाईंनी प्रोटोटाइपवरची मेथड नुसती, विद्यार्थ्याविना, बटनाला देऊन टाकली होती, म्हणून तिथं this बटन झालं होतं. बटनाला कुठलं आलंय नाव! म्हणून undefined, म्हणजे असं काही नाहीच. मेथड कुठं लिहिलीय याला फारसं महत्त्वच नव्हतं. ती कुणावर बोलावली, त्यावर सगळं ठरत होतं.

आठवडाभर मनात येत राहिलं, गुपचूप बाईंचा कोड दुरुस्त करून द्यावा. कुणाला कळणार होतं?

रविवारी फळ्यावर जुनं वाक्य लिहिलं आणि त्यावर काट मारली. "हे मी चुकीचं शिकवलं. मॅडमचं बरोबर होतं."

या वेळी कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्याच डोक्यात शिरून न्हाई राह्यलं. आज येणारच नव्हते मी."

मी त्यांची फाइल उघडली. विद्यार्थ्यासकट मेथड एका छोट्या फंक्शनात गुंडाळून बटनाला दिली, तेव्हा पडद्यावर त्यांच्या विद्यार्थ्याचं नाव उमटलं. बाईंनी लगेच विचारलं, "मंग बटनाऐवजी टायमरला नुसती मेथड दिली, तर this कोण?"

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.