चेपक्या वाटीचे ठसे

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, अजूनही नाही. कमेंटमध्ये "ताण असेल", "उपाशी असशील" वगैरे लिहू नका — व्यवस्थित जेवून गेले होते. आणि मला भीती नाही वाटली हो... राग आला. अजून येतो.

पुण्यात आयटीची लाट आली तेव्हाची गोष्ट. मी बिबवेवाडीहून निघून स्वारगेटला बस बदलून आर्ट कॉलेजला जायचे. शेवटचं वर्ष. एका दुपारी सरांनी डॉक्युमेंटरी दाखवली — शहराला लागून असलेलं गाव, जमिनी विकल्या आणि तिथे काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या. फिल्ममधला एक शॉट निवडून त्यावर पेंटिंग करायचं, तेच शेवटचं सबमिशन. नापास झाले तर बाबा मला कॉम्प्युटर क्लासला घालणार, हे घरात ठरलेलंच होतं.

मला शॉट लगेच सापडला. गोठ्यात दोन पांढरे बैल आणि एक म्हातारी. पोळ्याला बैलांच्या अंगावर गेरूचे गोल ठसे मारतात ना, तसे ती वाटीने मारत होती. एका बैलाचं अंग भरलेलं, दुसरा कोराच. मग तिने थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्याचं ऱ्हायलं." बस्स. तोवर मी सरांना आवडतील अशी चित्रं काढायचे. हे मात्र माझं होतं. आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही.

चित्र पाहून सर म्हणाले, "हा शॉट फिल्ममध्ये नाहीये."

"आहे सर."

"आणि चौथ्या वर्षाला साधा गोल काढता येत नाही? सगळे एका बाजूने चेपलेत."

"वाटीच चेपकी होती, सर."

वर्गासमोर पुन्हा सीडी लावली. गोठा होता... रिकामा. पोरं खो खो हसली. "आपण आता कथालेखनाकडे वळा," सर म्हणाले. त्या 'आपण'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चित्र बदलायला साफ नकार दिला.

परीक्षणाच्या दिवशी फिल्म बनवणाऱ्या बाई स्टुडिओत आल्या. सोबत त्या गावचे तात्या — फिल्ममधला रिकामा गोठा त्यांचाच. माझ्या चित्रासमोर आले आणि मटकन खालीच बसले.

"ही आय हाय माजी. जमीन कंपनीला दिली, तवा पोळ्याच्या सकाळीच म्या बैल इकले. एकाला ठसे मारून झालं व्हतं. दुसऱ्याला मारू दिलं न्हाई, टेम्पोवाला घाई करत व्हता. परत माज्याशी बोलली न्हाई ती. तशीच गेली."

"आम्ही शूटिंगला गेलो तेव्हा त्या हयातच नव्हत्या," बाई हळूच म्हणाल्या.

"फोटो पाहिला असेल हिने कुठेतरी," सर.

"फोटू कधी काडूच दिला न्हाई तिनं." मग तात्या माझ्याकडे वळले. "पोरी, काय म्हनली का ती?"

आता मला त्यांचाही राग आला होता. एक टेम्पो थांबवता येत नव्हता ह्या माणसाला? "'ह्याचं ऱ्हायलं' म्हणाल्या," मी तोडूनच सांगितलं.

तात्या उठले. माझ्या टेबलावर गेरूची बशी होती, शेजारी चहाचा रिकामा ग्लास. त्यांनी ग्लास गेरूत बुडवला आणि त्या कोऱ्या बैलावर ठसा उमटवला. मग दुसरा. तिसरा.

"अहो, मार्क द्यायचेत अजून!" सर ओरडले. मीही ओरडणार होते, माझं चित्र होतं ते. पण तात्या रडत होते.

सरांनी मला नापास केलं. कारण काय, तर चित्रावर परक्याचा हात. बाबांनी कॉम्प्युटर क्लासला घातलं आणि आज मी अशाच एका काचेच्या कंपनीत बसते. राग येणार नाही तर काय?

चित्र तात्या घेऊन गेले. त्यांनी मारलेला प्रत्येक ठसा एका बाजूने चेपलेला होता, सरांनीही पाहिलं आणि मान फिरवली. कॅन्टीनचा तो ग्लास मी उचलून आणला. अजून माझ्याकडे आहे. काठावरून कितीदा बोट फिरवलं... काठ अगदी गोल आहे.